काशिराम पीत नव्हता

पनवेल,
४ फेब्रुवारी २०२४

शशिकलाताई,
नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. लेकीच्या, मैनाच्या मोबाइलवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. शाळेत मार्कांसाठी लिहायचो, त्यानंतर मी पत्र लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमच्या कीर्तीच्या साखरपुड्यात जे झालं त्याबद्दल मी आधी हात जोडते. तुमच्या भावाने व्याह्यांच्या ताटातली जिलेबी उचलून खाल्ली. कीर्तीच्या होणाऱ्या सासूबाई त्यांच्या वारलेल्या आईबद्दल सांगत होत्या आणि हे मोठ्याने हसले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "ललिता, ह्याला उचल. परत पिऊन माझ्या दारात आणू नकोस." मी खाली मान घालून ह्यांना बाहेर आणलं, कारण मलाही तेच वाटत होतं. वास येत नव्हता, बाटली सापडत नव्हती, तरी वाटायचं. दुसरं काय वाटणार?

ताई, हे पीत नाहीत. मागच्या आठवड्यात मुंबईच्या हॉस्पिटलात एमआरआय झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरून मला दाखवली. मेंदूचा जो पांढरा भाग असतो, ज्यातून इकडचा निरोप तिकडे जातो, तो झिजत चाललाय. नाव मोठं आहे, ल्युकोएन्सेफॅलोपथी. मी ते मैनाच्या वहीत लिहून घेतलं. फार थोड्या लोकांना होतं म्हणे, आणि ऐन उमेदीत होतं.

तुम्हाला माहीत आहे, जासईच्या यार्डात हे अठरा वर्षं कंटेनर उचलायचं मशीन चालवत होते. कधी ओरखडा नाही. गेल्या वर्षी दोनदा कंटेनर वाकडा ठेवला. तिसऱ्यांदा तो हवेत तसाच ठेवून, इंजीन चालू ठेवून, खाली उतरून चहा प्यायला गेले. तिथे फुंकायला लावलं, मशीनवर शून्य आलं. तरी काढून टाकलं. साहेब म्हणाला, "मग दुसरं काहीतरी घेत असशील."

माझे वडील गेले त्या दिवशी घरात सगळे रडत होतो आणि ह्यांनी मला विचारलं, "चार्जर कुठंय?" मी सहा महिने त्या एका वाक्यासाठी ह्यांच्याशी नीट बोलले नाही.

डॉक्टर विचारतात, रक्ताच्या नात्यात आधी कोणाला असं झालं होतं का. तुमच्या बाबांबद्दल मला एवढंच माहीत आहे की ते दारूपायी गेले. तेव्हा त्यांचं वय काय होतं? नक्की काय काय होत होतं? ह्यांना विचारलं की भिंतीकडे बघत राहतात. कृपा करून कळवा.

तुमची,
ललिता


महाड,
१९ फेब्रुवारी २०२४

ललितास,

तुझं पत्र घरी आलं आणि ह्यांनी फोडलं. विचारलं, "हा कसला रोग?" मी म्हटलं, नवऱ्याचं व्यसन झाकायला बायका काय काय शोधतात. यापुढे लिहायचंच असेल तर मी काम करते त्या शाळेच्या पत्त्यावर लिही, पाकिटावर 'खाजगी' घाल. फोन नको. माझा मोबाइल कीर्तीच्या हातात असतो.

बाबा पीत होते. पन्नाशी न गाठता गेले. माहेरच्या गावी, करंज्यात जाऊन कोणालाही विचार, काशिराम नाखवा कशाने गेला, शेंबडं पोरही सांगेल. तुझ्या डॉक्टरीणबाईंना तेवढंच सांग.

अनंता माझा पाठचा एकुलता भाऊ आहे. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? पण त्या दिवशी काय झालं ते मी भोगते आहे. व्याह्यांनी, प्रितेशच्या वडिलांनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीचे मामा नेहमी असेच असतात का?" मी म्हटलं, पितो हो. ते लगेच सैल झाले. म्हणाले, "आमच्यातही एक काका आहेत तसे." आणि विषय संपला. माणसांना पिणं समजतं, ललिता. तू एमआरआयच्या फिल्मा घेऊन गावभर फिरू नकोस.

शशिकला


पनवेल,
१० मार्च २०२४

ताई,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. ते उठले, मैनाचं पेन घेतलं आणि टेबलाशी बसले. मध्येच थांबायचे, पेनाकडे बघायचे, परत लिहायचे. एवढ्या ओळींना पुरी दुपार लागली. मी एक अक्षर बदललेलं नाही. तो कागद सोबत पाठवते.

ललिता

(सोबतचा कागद)

शशिताय
मी पीत नाय. तू सांग त्यांना. बाबा पन पीत नव्हते. मी बघलंय. बाबांना जाल्याची गाठ मारता येत नव्हती आनि ते रडत होते आनि आये बोलली पोरांनो भायेर जा. बाबा पीत नव्हते. मी पीत नाय. जेवलीस का
अनंता


महाड,
६ एप्रिल २०२४

ललिता,

अनंताचा कागद मी ऑफिसात उघडला आणि दार आतून लावून घेतलं. त्याला अक्षरं मी गिरवायला लावली होती, आमच्या ओट्यावर, पाटीवर. त्याची ओळ अशी खाली घसरत कधी जात नव्हती.

तो लिहितो ते खरं आहे. बाबा पीत नव्हते. लग्नाकार्यात सगळे घ्यायचे तेव्हाही ते ग्लासाला हात लावायचे नाहीत.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा सुरू झालं. जाळं सोडलं की नाही ते बोटीवर विसरायचे. मग बोटीवरचे लोक त्यांना न्यायचे बंद झाले. एकदा बंदरावर, मासळीच्या लिलावात, सगळ्या बायकांसमोर कपडे काढून उभे राहिले. आईने दोन भगत केले, कोंबडं दिलं, उरणच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मग एक दिवस पाण्यावर शेजारणीने विचारलं, "काशिरामला काय झालंय गो?" आई कळशी भरता भरता म्हणाली, "पितो." मी शेजारी उभी होते. घरी आल्यावर मी विचारलं, आये, खोटं का बोललीस? ती म्हणाली, "पिनाऱ्याच्या पोरीला नवरा मिलतो. याड्याच्या पोरीला नाय मिलत. कोनी इचारलं तर तू पन तेच सांग."

मी तेच सांगत आले. अनंता लहान होता, त्यालाही तेच सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नव्हता, हे मला परवा कळलं.

शेवटचं वर्ष बाबा जाळी ठेवायच्या खोलीत होते. आई बाहेरून कडी लावायची. एका सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला आणि येताना कडी लावायची विसरले. विसरले की कंटाळले होते, हे मला आजही सांगता येत नाही. ते बंदरावर गेले. भरती होती. बघणारे सांगत होते, बोटीवर पाय टाकावा तसा त्यांनी पाण्यावर पाय टाकला. चव्वेचाळीस वर्षांचे होते. लोक म्हणाले, दारूने नेला. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं.

हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. तू डॉक्टरांना सांग, अनंताचं औषधपाणी होऊ दे. पण माझं नाव, पत्ता कुठल्या कागदावर येता कामा नये. आणि तुझी पत्रं मी वाचून फाडते, तूही माझी फाड.

शशिकला


पनवेल,
२४ मे २०२४

ताई,

तुम्ही खरं लिहिलंत, उपकार झाले. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा कोणीच ओळखलं नसतं." कडीचं मी सांगितलं नाही. ते तुमचं आहे.

जीनची तपासणी झाली, रिपोर्ट आला. आजार बाबांकडूनच आलाय. ज्याच्यात हा दोष असतो त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं, असं त्या म्हणाल्या. मैना माझ्या शेजारी बसली होती. तिने फक्त विचारलं, "म्हणजे मलाही?" मी तिला बाहेर पाणी आणायला पाठवलं. पंधरा वर्षांची मुलगी, तिला काय मी बाहेर पाठवलं म्हणून कळायचं राहणार आहे?

ह्या आजाराला औषध नाही. एक गोष्ट काही जणांवर करून बघितली आहे. दुसऱ्या निरोगी माणसाचा बोन मॅरो द्यायचा. त्याने काही जणांची झीज थांबली. गेलेलं परत येत नाही, पण आहे तिथे थांबतं. त्यात जिवाला धोका आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि माणूस स्वतःच्या पायांवर चालतोय तोवरच करायचं, नंतर उपयोग नाही. देणारा सख्खा भाऊ किंवा बहीण असली तर सगळ्यात बरं. जुळण्याची शक्यता चारात एक. बाहेरच्या लोकांच्या यादीत शोध घेतला, ह्यांच्याशी जुळणारं कोणी सापडलं नाही.

ताई, तुम्ही एकट्याच आहात.

दोन तपासण्या लागतील. तुमचं रक्त ह्यांच्याशी जुळतं का, आणि तुमच्यात तो दोष नाही ना. दोष असलेल्याचं घेता येत नाही. दोन्ही एकाच वेळी होतात, हातातून रक्त काढतात तेवढंच. कोणाला कळायचं कारण नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी महाडला न्यायला येते. ह्यांच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे.

हे अजून चालतात. स्वतःच्या हाताने जेवतात. परवा मासळीबाजारातून येताना बोंबील बघून थांबले आणि म्हणाले, "शशिताय झकास तलते." पुढचं वाक्य आलं नाही, पण एवढं आलं.

वाट बघते.
ललिता


महाड,
१२ जून २०२४

ललिता,

तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. शेवटी सरळ लिहिते. मी तपासणी करणार नाही. आत्ता नाही.

कीर्तीचं लग्न ११ डिसेंबरला धरलं आहे. प्रितेशच्या घरचे विचारतात, तुमच्याकडे काही आजार वगैरे? मी म्हणते, मला माहीत नाही. आज हे खरं आहे. मला खरंच माहीत नाही. रक्त दिलं की माहीत होईल, आणि मग मला रोज सकाळी उठून खोटं बोलावं लागेल. एवढं बळ माझ्यात नाही. आयुष्यभर एक खोटं वागवलं, दुसरं नको.

माझ्यात निघालं तर कीर्तीचं काय? तिला सांगायचं? लग्नाआधी सांगितलं तर लग्न मोडेल. नंतर सांगितलं तर संसार. तूच म्हणतेस निम्मी शक्यता. मग उरलेल्या निम्म्यावर मला जगू दे.

आणि तू मला सांगतेस, पण मैनाची केलीस का तपासणी? आधी पोटच्या पोरीची कर आणि मग मला पत्र लिही.

लग्न होऊ दे. मग बघू. सहा महिन्यांनी असं काय बिघडणार आहे? त्यात जिवाला धोका आहे हे तूच लिहिलंस.

शशिकला


पनवेल,
२० जून २०२४

ताई,

मी बाजारात युनिफॉर्मच्या दुकानात काम करते, आणि शाळा सुरू झाल्यामुळे समोर गिऱ्हाईक आहे. बिलाच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहिते आहे. घरी हे लिहिलं तर मी ओरडेन.

सहा महिन्यांनी काय बिघडणार ते ऐका. तुमच्या एप्रिलमधल्या पत्रापासून आत्तापर्यंत ह्यांची शर्टाची बटणं गेली. मग चप्पल घालणं गेलं, आता डावा पाय फरफटतो. मैनाला ते "ओ बाई" म्हणतात. हे अडीच महिन्यांत. ह्या हिशोबाने डिसेंबरात काय उरेल ते तुम्हीच सांगा.

मैनाची तपासणी मी केली नाही, कारण डॉक्टर करत नाहीत. अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला हवं असेल तर ती करील, असं त्यांनी सांगितलं. आईला तो हक्क नाही. मी विचारलं होतं, ताई. मी रडून विचारलं होतं. तेव्हा हे टोमणे मला मारू नका.

तुम्हाला वाटत असेल, मी स्वतःला मोठी शहाणी समजते. तसं नाही. गेल्या वर्षी दिवाळीआधी मी ह्यांना व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं होतं. कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला म्हटलं गावी गेलेत. एकवीस दिवस. न पिणाऱ्या माणसाला. तिथे रोज सकाळी उभं करून म्हणायला लावत, "मी दारुडा आहे." हे म्हणायचे नाहीत म्हणून जेवण उशिरा द्यायचे. परत आणायला गेले तर मला म्हणाले, "मी तसं बोललो नाय." तेव्हा मला तो हट्ट वाटला.

मी चूक केली, पण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे.

ललिता


पनवेल,
२ सप्टेंबर २०२४

शशिकलाताई,

जुलैत दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. म्हणून गेल्या शुक्रवारी मी पनवेलहून सकाळच्या एसटीने महाडला आले. ह्यांना शेजारच्या शांतीकाकूंकडे ठेवलं होतं.

तुमच्या शाळेच्या फाटकाशी शिपायाने नाव विचारलं. मी सांगितलं, भावजय. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम रजेवर आहेत." मी म्हटलं, बरं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बाकड्यावर बसले. पाच वाजता तुम्ही मागच्या फाटकाने बाहेर पडलात. निळी साडी, हातात डबा. मला बघून तुम्ही रिक्षा केलीत. नाक्यापर्यंत तुम्ही रोज चालत जाता, ते मला माहीत आहे.

मी हाक मारली नाही. रिक्षा वळेपर्यंत मांडीवरची पिशवी धरून तशीच बसले.

घरी आले तर शांतीकाकू म्हणाल्या, "दिवसभर दाराकडे बघत होता." माझी वाट बघत होते की नुसतं दार बघत होते, हे आता कळत नाही.

मी यापुढे विनंती करणार नाही.

ललिता


महाड,
२५ नोव्हेंबर २०२४

ललिता,

सोबत कीर्तीच्या लग्नाची पत्रिका आहे. आप्तांच्या नावांत अनंताचं नाव घातलं आहे, मामाचं नाव नाही तर लोक विचारतात. तू आणि मैना या. अनंताला आणू नकोस. प्रवास त्याला झेपणार नाही.

मामाने मुलीला मांडवात आणायचं असतं. ते ह्यांचे चुलतभाऊ करतील.

शशिकला


पनवेल,
८ डिसेंबर २०२४

ताई,

पत्रिका मिळाली. छान आहे. आम्ही येणार नाही.

प्रवासाची काळजी नको. तुमचा भाऊ आता घरातल्या घरातही प्रवास करत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये पडला, तेव्हापासून उभा राहिलेला नाही. बोलणं बंद आहे. मी इतके दिवस 'हे', 'ह्यांना' लिहीत होते. आता तसं लिहवत नाही. त्याला मी लहान मुलासारखं धुते, पुसते, भरवते, मग अहो-जाहो कुठून आणू?

कीर्तीला आशीर्वाद. तिचा काही दोष नाही.

ललिता


महाड,
१६ फेब्रुवारी २०२५

ललिता,

हे पत्र वाचल्याशिवाय फेकू नकोस.

कीर्ती सासरी गेल्यावर मी पुण्याला गेले. ह्यांना सांगितलं, गुडघा दाखवायचाय. मी तिथे रक्त दिलं. तू पाठवलेला अनंताचा रिपोर्ट मी फाडला नव्हता. बाकी सगळं फाडलं, तो ऑफिसच्या कपाटात फायलीखाली ठेवला होता. तो त्यांना दाखवला.

रिपोर्ट गुरुवारी आले. माझ्यात तो दोष नाही. आणि माझं अनंताशी पूर्ण जुळतं. तिथले डॉक्टर हसून म्हणाले, "नशीबवान आहे तुमचा भाऊ."

आता सगळं लिहिते. कीर्तीचं लग्न हे कारण होतं, पण खरं कारण ते नव्हतं. मी घाबरले होते. कीर्तीसाठी नाही, माझ्यासाठी. बाबांना मी तीन वर्षं बघितलं आहे. तू अनंताला बघतेस ते मी मुलगी असताना बघितलं आहे. ऑफिसात एखादं नाव आठवलं नाही, घरी किल्ली सापडली नाही की मी मोरीत जाऊन शंभरपासून उलटे आकडे म्हणायची. मला वाटायचं, रिपोर्ट बघितला की त्या खोलीची कडी माझ्यावर लागली. म्हणून मी रजेवर होते. म्हणून मी रिक्षात बसले. मी तुला बघितलं होतं, ललिता. बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं, तर मला घराचा पत्ता सांगता येईना.

मी यायला तयार आहे. जितकं लागेल तितकं घ्या. उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचार. रिपोर्ट सोबत जोडले आहेत. ह्यांना मी सांगितलं आहे. कीर्तीला आणि प्रितेशलाही. माझ्या नावाने, या पत्त्यावर, काय लिहायचं ते लिहू दे त्यांना.

शशिकला


पनवेल,
९ मार्च २०२५

ताई,

तुमचे रिपोर्ट घेऊन मी सोमवारी हॉस्पिटलात गेले. उत्तर काय येणार ते मला माहीत होतं, तरी गेले, कारण तुम्ही विचार म्हणालात आणि मला कोणी उद्या म्हणू नये की विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुमचा कागद वाचला, मग अनंताचा नवा एमआरआय काढला, मग परत तुमचा कागद वाचला. मी विचारलं, करता येईल? त्या म्हणाल्या, "आता नाही. ह्या अवस्थेत नुसता त्रास होईल त्यांना." मी विचारलं, गेल्या मे-जूनमध्ये हा कागद असता तर? त्या म्हणाल्या, "असे प्रश्न विचारू नयेत." मी म्हटलं, मला विचारायचाय. तेव्हा त्या म्हणाल्या, "तेव्हा मी प्रयत्न केला असता. खात्री दिली नसती. पण केला असता."

ते तुम्हाला कळावं म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

तुम्ही घाबरला होतात, हे मला समजतं. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. कदाचित मीही रिक्षात बसले असते. पण समजतं म्हणून राग जात नाही, ताई. दोन्ही माझ्यात शेजारी शेजारी बसलेत आणि एकमेकांकडे बघतही नाहीत.

कीर्ती सुटली, तिची पुढची मुलंबाळंही सुटली. मी खोटं बोलणार नाही, ते वाचून पहिल्यांदा मला आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी झाला.

अनंताला आता गिळता येत नाही, नाकातून नळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात, महिने. किती ते सांगत नाहीत. तुम्हाला यायचं असेल तर गुरुवारी या, मला दुकानातून सुट्टी नसते आणि शांतीकाकूंची त्या दिवशी पूजा असते. नळीतून पेज कशी द्यायची ते मी दुकानात जायच्या आधी दाखवीन. बसून रडायला येऊ नका. कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तोही कण्हतो, मग नळी हलते.

त्याने तुम्हाला ओळखावं अशी आशा धरू नका. तो मलाही ओळखत नाही.

आणखी एकच सांगायचंय. मैना आता सोळाची आहे. दोन वर्षांनी ती मला विचारील, आई, तपासणी करू का नको. त्या दिवशी तिला मी तुमच्याकडे पाठवणार आहे. ती तुमच्यासमोर बसेल आणि विचारील, "आत्या, तुम्ही इतका उशीर का केलात?"

तेव्हा तुम्ही तिला सांगा. तुमच्या आईने सांगितलं होतं तसं नको. खरं सांगा. घाबरलात ते सांगा, रिक्षाचं सांगा, माझ्या पिशवीचं सांगा, हा कागद कोणत्या महिन्यात हवा होता आणि कोणत्या महिन्यात आला ते सांगा. मग तिला ठरवू दे.

हे मी तुमच्यासाठी करणार नाही. तुम्हालाच करावं लागेल.

ललिता